पडद्यावरचा परका बाण

पूर्वाच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात खारी होती, आणि समोरच्या स्क्रीनवरचा माउसचा बाण आपला आपण फिरत होता.

ती घाबरली. घाबरलेलं माणूस जे करेल तेच तिनं केलं – मागची वायर उपटली. लगेच फोन वाजला.

“मॅडम, मी शौनक. सॉफ्टवेअर कंपनीतून, वाघोलीहून. तुम्ही… वायर काढलीत का?”

“तुम्ही न विचारता आत शिरलात का?”

“शिरायचं होतं शेजारच्या मशीनमध्ये. नंबर चुकला… सॉरी.”

“चोरही असंच सांगतात.”

“पण चोर फोन करून विचारत नाहीत हो!”

पूर्वाला हसू आलं. घोळ झाला तो इथेच.

बिबवेवाडीतल्या त्या पतसंस्थेचा संगणक विभाग पूर्वा सांभाळायची. खरं तर ती एकटीच म्हणजे अख्खा विभाग. नियम आता कडक झाले होते. कोणत्या संगणकावर कोण बसलं, पासवर्ड कधी बदलला, बाहेरून कुणी आत आलं तर कशाला, हे सगळं तपासणीत दाखवावं लागायचं. त्यासाठीच नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि शौनक वाघोलीत बसून ते इथल्या संगणकांवर चढवत होता. तपासणी एकही शेरा न लागता पार पडली की पूर्वाची नोकरी कायम होणार होती. घरी आईनं पेढे कुठून आणायचे तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

मग श्रावणातल्या त्या सगळ्या दुपारी… बाहेर मिनिटात ऊन, मिनिटात सर, आणि आत स्क्रीनवर तो बाण. तो इतक्या हळुवारपणे एकेक खिडकी उघडायचा की पूर्वा हनुवटीखाली हात घेऊन नुसती बघत राहायची. एखादं काम रेंगाळलं की फोनवर गप्पा व्हायच्या.

“तुमच्याकडे पाऊस आहे?”

“वाघोलीत फक्त ट्रॅफिक आहे, मॅडम. तुमच्याकडचा जरा ऐकवा ना.”

आणि ही शहाणी मुलगी खरंच खिडकीपाशी जाऊन फोन बाहेर धरायची! त्या आवाजाला चेहरा कसा असेल, हे मनात रंगवताना तिची बस दोनदा चुकली. प्रेमात पडायला माणूस दिसावं लागतं असं कोण म्हणतं?

काम संपलं. काम संपलं की बाहेरच्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करायचा, हा तर पहिला नियम. शौनकनं आठवणही करून दिली.

“मॅडम, माझा प्रवेश तेवढा काढून टाका.”

“उद्या काढते. आज तो प्रिंटर बघाल का जरा?”

दुसऱ्या दिवशी प्रिंटर बरा झाला आणि स्कॅनर आजारी पडला. शौनकनं पुन्हा आठवण करून दिली, तिनं पुन्हा ‘उद्या’ म्हटलं. असे कितीतरी उद्या गेले…

तपासणीला सुनीतीबाई आल्या. चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. शंकानिरसनासाठी शौनक फोनच्या स्पीकरवर होता आणि त्याचा बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात. अहवाल वरपासून खालपर्यंत हिरवागार होता, फक्त शेवटची ओळ तांबडी.

“काम कधीच संपलंय. मग यांचा प्रवेश चालू कसा?”

पूर्वा खुर्ची मागे सरकवून उभी राहिली.

“मॅडम, चूक माझी आहे,” फोनमधून शौनक घाईनं म्हणाला. “सांगायचं राहून गेलं…”

क्षणभर पूर्वाला वाटलं, गप्प बसावं. नोकरी वाचेल, पेढे येतील. पण शेरा त्याच्या नावावर लागेल.

“नाही,” ती म्हणाली. “यांनी दोनदा आठवण करून दिली होती. मीच चालू ठेवला. मला… बंद करवेना.”

सुनीतीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

“‘करवेना’ हे कारण आमच्या रकान्यात बसत नाही. ‘अधिकाऱ्याची दिरंगाई’ लिहिते. कायम होणं लांबेल. मान्य?”

“मान्य.”

“मग करा बंद. माझ्यासमोर.”

पूर्वानं बटण दाबलं. कोपऱ्यातला बाण नाहीसा झाला आणि तिला एकदम रडू आलं. सुनीतीबाई चहाचं निमित्त काढून बाहेर गेल्या.

“अहो,” फोन अजून चालू होता. “ती आठवण मी करून दिली ना… ती मनापासून नव्हती. तुम्ही ‘उद्या’ म्हणालात की माझा दिवस बरा जायचा.”

“मग आधी का नाही बोललात?”

“कामाच्या वेळेत बोलणं बरं दिसलं नसतं. आता काम उरलं नाही. मी तिकडे यायला निघतोय.”

ऑफिस सुटायच्या सुमारास तो दारात उभा राहिला. शर्ट भिजलेला, हेल्मेटनं केस चपटे झालेले. तिनं रंगवलेल्या चेहऱ्याशी या चेहऱ्याचं काही म्हणता काही जुळत नव्हतं, आणि तिला तो फार म्हणजे फार आवडला.

“शेरा लागला, वाईट वाटतंय?”

“वाटतंय. आईला सांगायचंय अजून.”

“मी येऊ बरोबर? निम्मी बोलणी मी खातो.”

“आणि आईनं विचारलं, हे कोण, तर?”

शौनक लाजला. फोनवर इतका चुरुचुरु बोलणारा माणूस, समोर मात्र हेल्मेटचा पट्टा चाळत राहिला. मग पूर्वानंच पर्स उचलली.

“चला,” ती म्हणाली. “जे खरं आहे ते सांगू. आज सवय झालीय मला.”