हप्त्यानं आणलेला गोळा

केडगावहून सुटलेल्या शेअर रिक्षात शुभांगीच्या मांडीवरचा टॉवेल सुटला आणि रणगाड्याच्या गोळ्याचं टोक घरंगळत खाली आलं. रिक्षा थांबताच रिकामी झाली. ड्रायव्हर सगळ्यांच्या आधी उतरला.

एक जण तेवढा बसून राहिला. त्यानं टोक उचललं आणि उजेडाकडे धरून त्यावर कोरलेलं वाचलं.

"ड्रिल लिहिलंय. म्हणजे सरावाचा. आत दारू कधी भरलेलीच नसते."

"निखळलंय… जोडून घ्यायला चालले होते."

"मी जोडतो की. मी गोरक्ष. नागापूरला माझं लेथ मशीन आहे." मग जरा थांबून, "हे टोक राहू दे माझ्याकडे, खालचा भाग आणा – रविवारी. निवांत असतो मी."

शुभांगीचे वडील लष्कराच्या वर्कशॉपात होते. निवृत्तीला त्यांना हा गोळा मिळाला होता. ते गेल्यावर खोलीत शुभांगी आणि गोळा, दोघंच. संध्याकाळी ती त्याला दिवसभराचं सांगायची. तो ऐकून घ्यायचा, पण त्यालाही मर्यादा होत्या.

रविवारी तिनं फक्त मधली कडी नेली.

"बाकीचा?"

"जड आहे हो."

गोरक्षनं चहा मागवला. भिंगातून कडीवरचा लॉट नंबर वाचला… वाचता वाचता भिंगावरून तिच्याकडेही पाहिलं. कडी तिथंच राहिली. पुढच्या खेपेला पितळी नळकांडं. मग बुडाची चकती, शेजाऱ्यांचा पाना मागून घाम गाळत काढलेली. घरातला गोळा संपला. आता बोलायलाही कुणी नाही, आणि जायला निमित्तही नाही.

त्या रविवारी तिनं कुकरची शिट्टी नेली.

गोरक्षनं ती भिंगाखाली बराच वेळ फिरवली.

"ही कुठल्या रणगाड्याची म्हणायची?"

"मला काय माहीत. तुम्ही ओळखायचं."

"हिच्याशिवाय भात शिजतो?"

"नाही… उपाशीच आलेय."

त्यानं कपाट उघडलं. आत तिचा गोळा सगळा जोडून, पुसून उभा होता.

"टोकावर आणि कडीवर लॉट नंबर एकच," तो म्हणाला. "कडी पाहिली तेव्हाच कळलं, घरी कुणीतरी गोळा सोलत बसलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सगळा एकदम आणला असता तुम्ही. माझ्याकडे रविवारी कुणी… कुणीच येत नाही हो."

शुभांगीनं गोळ्यावरून हात फिरवला.

"पुढच्या रविवारी काही न आणता या," तो म्हणाला.

"येईन." मग लाजत, पण ठामपणे – "उद्या चालेल?"