तीसवरून पंचवीस

टाक्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरीला होता. गावच्या सात टाक्या, त्यांचे पंप आणि झडपा हे सगळं तो एका खोलीत बसून कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून चालवायचा. एका पानावर सात निळे चौकोन, प्रत्येकात पाण्याची पातळी आणि खाली झडपांची उघडझाप. इकडे माऊस दाबला की चार किलोमीटरवरची झडप फिरायची. टाक्या हे नाव मित्रांनी त्यावरूनच ठेवलं होतं, आणि ‘उंटावरून शेळ्या हाकणारा’ असंही ते त्याला येताजाता म्हणत. शेळ्या नीट चालत असतील तर उतरायचं कशाला, असं त्याचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं.

त्या पानावर प्रत्येक हालचालीची नोंद व्हायची. झडप ऑफिसातून फिरवली तर ‘दुरून’, आणि कोणी तिथे जाऊन हाताने चाक फिरवलं तर ‘जागेवरून’. तिसरा प्रकार नव्हता. झडप आपोआप फिरत नाही, एवढं एक तत्त्वज्ञान टाक्या वीस वर्षांच्या नोकरीत शिकला होता.

घरात तो आणि त्याचे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, टाक्याचं लग्न राहून गेलं होतं, आणि धाकटी बहीण लग्न करून दुसऱ्या शहरात राहत होती. बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी तिथली एकच वस्तू घरी आणली: गिऱ्हाइकाला बसायचं लाकडी स्टूल. गाण्याचं वेड मात्र तसंच राहिलं, म्हणून टाक्याने घरात गाणी वाजवायची नव्या धर्तीची पेटी आणली. साबणाच्या डबीएवढी, काळी, घरच्या वायफायवर चालणारी. तिला बटण म्हणून एकही नव्हतं. गाणं लावायचं, थांबवायचं, आवाज कमीजास्त करायचा, सगळं ब्राउझरच्या पानावरून.

बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली. “बटण नाही तो रेडिओ कसला रे? याचे कान कुठून पिळायचे?”

महिनाभरात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. चार आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले ते पलंगावरच. बोलणं गेलं, हातपाय गेले, नजर डावीकडे ओढली गेली ती तिकडेच राहिली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं कधीमधी हलल्यासारखं वाटे. डॉक्टरांनी टाक्याला बाजूला घेऊन सांगितलं, “पहिले सहा महिने तुमच्या हातात आहेत. जे परत यायचं ते त्यात येईल. पुढे फारशी आशा धरू नका.”

धाकटीच्या शहरात अशा रुग्णांना रोज व्यायाम देणारं मोठं केंद्र होतं. ती म्हणाली, बाबांना आत्ताच्या आत्ता माझ्याकडे आण. टाक्या म्हणाला, बाबांना आधी विचारू.

“कसं विचारणार आहेस?” तिने विचारलं.

दिवसभरासाठी त्याने एक मावशी ठेवल्या. नऊ ते सहा. कामाला चोख, बोलायला कमी. बाबांच्या उशाशी, डाव्या बाजूला, टाक्याने ते दुकानातलं स्टूल ठेवलं आणि शेजारच्या कपाटावर पेटी. एक जुना टॅबलेट आडवा करून तो बाबांच्या उजव्या पंजाखाली सरकवला. त्यावर पेटीचं पान उघडं आणि आवाजाच्या दोन मोठ्या खुणा, अधिक आणि उणे. बोट हललं तर हललं. बुडत्याला काडीचा आधार. स्वतः तो ऑफिसातून टाक्यांच्या पानाशेजारी पेटीचं पान उघडून बाबांची आवडती गाणी लावायचा. आवाज तीसवर.

चौथ्या दिवशी दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत तीसचा आकडा पंचवीस झाला.

टाक्या खुर्चीतून उठलाच. एक अलीकडच्या काळातलं, तालाचा धांगडधिंगा असलेलं गाणं चुकून लागलं होतं, आणि असलं गाणं लागलं की बाबा दुकानातही आवाज कमी करायचे. त्याने पुढचं जुनं गाणं लावलं. आकडा पुन्हा तीस. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला त्याने मिठीच मारली. त्या गडबडीत तिसऱ्या टाकीचं पाणी वरून वाहून गेलं, आणि त्याबद्दल त्याने साहेबांची बोलणी हसत हसत खाल्ली.

मग त्याने फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पेटीवर पाठवला. “बाबा, मी बोलतोय. ऐकू येतंय ना? हो असेल तर आवाज वाढवा. नाही असेल तर कमी करा.”

तीसचे पस्तीस झाले. टाक्या ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन रडून आला.

तिथून रोजचा पाठ पडला. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, आकडा पुन्हा तीसवर आणून ठेवायचा. उत्तर नेहमी पाचाच्याच टप्प्याने यायचं, ना चार ना सहा. बाबा मुळात काटेकोर माणूस. पंखा हवा? पस्तीस. दुखतंय? पंचवीस. मावशी बऱ्या आहेत ना? यावर मात्र जरा वेळ गेला, मग पंचवीस. टाक्याला हसू आलं. दुसऱ्याच्या हातचं बाबांना कधी पसंत पडलं होतं?

आणि मग त्याने तो प्रश्न विचारला. “धाकटीकडे जायचं का?”

पंचवीस.

आठवड्याने पुन्हा विचारलं. पंचवीस. पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. त्याने बहिणीला फोन करून सांगितलं, “बाबा नाही म्हणतात.”

“दादा, बाबा म्हणतात की तू म्हणतोस?” ती चिडलीच. “दिवस चाललेत. एकदा निसटले की गेले.”

“त्यांच्या मनाविरुद्ध हलवू का? उचलून आणायला ते काय सामान आहेत?”

टाक्या स्वतःला आज्ञाधारक मुलगा समजत होता, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच बाप त्याच्याशी एवढं बोलत होता. ते सोडवत नव्हतं. असे साडेतीन महिने गेले.

शेवटी धाकटीच स्वतःहून केंद्रात जाऊन नाव घालून आली. दाखल करण्याआधी त्यांना डोळ्यांचा आणि कानांचा दाखला हवा होता. तिच्या समाधानासाठी म्हणून टाक्याने कानाचे डॉक्टर घरी बोलावले. दुपारची वेळ होती. डॉक्टरांनी बाबांच्या डोक्याला तारा चिकटवल्या, कानात नळ्या घातल्या, आणि तासभर यंत्राच्या पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर सरळ रेघा येत राहिल्या.

“ऐकू येत नाही यांना,” ते तारा काढताना म्हणाले.

“कमी येतं म्हणजे?”

“कमी नाही. अजिबात नाही, दोन्ही बाजूंनी. झटका आला त्याच दिवसापासून असणार. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

टाक्या म्हणाला, “पण ते माझ्याशी बोलतात.”

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असं म्हणणारे नातेवाईक त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत.

डॉक्टर गेल्यावर टाक्याने मावशींना हाक मारली आणि टॅबलेटबद्दल विचारलं. मावशी पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

“साहेब, रागावू नका. त्याची कड बाबांच्या मनगटात रुतायची. वळ उठले होते. मी तिसऱ्या दिवसापासूनच तो खणात ठेवते. तुम्ही यायच्या आधी पुन्हा हाताखाली सरकवते.”

“मग आवाज कमीजास्त कोण करायचं?”

“मला वाटलं, तुम्हीच करता. ऑफिसातून.”

“आणि मी प्रश्न विचारायचो ते?”

“तुम्ही विचारायचात आणि तुम्हीच आवाज वाढवायचात, असंच वाटायचं मला.” त्यांनी मान खाली घातली. “तुमचा आनंद बघून बोलवेना. माणसं करतात असं.”

टाक्याचं डोकं अजून ऑफिसचंच होतं. झडप आपोआप फिरत नाही. त्याने फोनवर पेटीचं पान उघडलं आणि आत खोलवर असलेली नोंदवही काढली. आजवर ती बघायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती. गाणी त्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लागली होती. दर उत्तरानंतर आकडा तीसवर आणला होता तोही तिथूनच. टॅबलेटवरून साडेतीन महिन्यांत एकही आज्ञा आली नव्हती. आणि प्रत्येक उत्तरापुढे, प्रत्येक पस्तीस आणि प्रत्येक पंचवीसपुढे, एकच शब्द होता.

‘जागेवरून.’

पेटीला बटण नव्हतं. त्याने उठून ती हातात घेतली आणि बाबांनी घेतली होती तशीच उलटीपालटी करून पाहिली. गुळगुळीत, काळी आणि किंचित गरम.

“मावशी, तुम्ही या स्टुलावर बसता का कधी?”

“नाही साहेब.” त्या दारापर्यंत मागे सरकल्या होत्या. “बाबा सारखे तिकडे बघत असतात. कोणी बसलेलं असताना तिथे कसं बसायचं, तसं वाटतं.”

टाक्याने त्यांना चहा करायला पाठवलं. पेटी जागेवर ठेवली, एक जुनं गाणं लावलं, आवाज तीसवर आणला आणि फोन पलंगावर उताणा ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं.

रेकॉर्ड वगैरे काही न करता तो नुसताच बोलला. स्वतःच्या आवाजाची त्याला लाज वाटली.

“बाबांना ऐकू येत नाही.”

गाणं चालू राहिलं.

“तू बाबा आहेस?”

फोनवर आकडा बदलला. पंचवीस. खोलीतलं गाणं तेवढंच खाली गेलं.

टाक्याने बाबांकडे पाहिलं. ते डावीकडे बघत होते.

“ते इथेच राहायला हवेत तुला?”

पुन्हा वर, तीस.

“का?”

याला आकडा नव्हता. आकडा तीसवरच राहिला, आणि मधल्या ओळीत गाणं थांबलं. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत स्टूल करकरलं. लाकडी स्टुलावर बसलेला माणूस दमून कूस बदलतो तेव्हा करकरतं, तसं.

टाक्याने पेटीची वायर भिंतीतून उपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णवाहिका आली. बाबांना उचलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं हे टाक्याने कोणाला विचारलं नाही.

पेटी त्याने स्क्रू काढून उघडली. आत बिस्किटाएवढी हिरवी पट्टी आणि चार तारा, बस. ती त्याने भंगारात दिली. स्टूल मावशींनी न सांगता माळ्यावर उलटं करून टाकलं होतं.

केंद्रात गेल्यावर जेमतेम दीड महिना हातात होता. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, आधी आणायला हवं होतं, आणि ते टाक्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. साडेतीन महिने. कोणाच्या सांगण्यावरून घालवले हे तो बहिणीला कधीच सांगू शकला नाही. ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणाला. तिनेही ते पुन्हा काढलं नाही. उलट भाऊ सुट्टीच्या दिवशी आला की ती त्याला गरम गरम वाढायची, आणि त्याला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

तरी बाबा सुधारले. हातपाय आले नाहीत, पण नजर सरळ झाली. टेकवून ठेवलं की ते खुर्चीत बसू लागले. बाईंनी त्यांना पापण्यांनी उत्तर द्यायला शिकवलं: एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. प्रश्न पाटीवर लिहून दाखवायचे. बाबांचं पहिलंवहिलं खरं ‘हो’ टाक्याने पाहिलं त्या दिवशी तो त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून कितीतरी वेळ बसला.

एका रविवारी दुपारी तो पुन्हा बहिणीच्या घरी आला. धाकटी पुढच्या खोलीत टीव्ही लावून कपड्यांच्या घड्या घालत होती. आतल्या खोलीत बापलेक दोघेच. टाक्याने इकडचं तिकडचं विचारून घेतलं. झोप येते? हो. बाई रागावतात? हो. मग बरेच दिवस मनात असलेलं त्याने पाटीवर लिहिलं.

‘तिकडे खोलीत तुमच्याबरोबर कोणी होतं?’

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकदा डोळे मिटले.

टाक्याने पाटी बाहीने पुसली. लहानपणी लिहायचा तसा एकेक शब्द तोंडाने म्हणत त्याने पुढचा प्रश्न लिहिला. “ते… अजून… तिथेच… आहे?”

पाटी त्याने बाबांकडे वळवली.

पुढच्या खोलीतला टीव्ही एकाएकी हळू झाला.

“दादा,” धाकटीने बसल्या जागेवरून विचारलं, “आवाज तू कमी केलास का रे? रिमोट तर इथे माझ्यापाशी आहे. मी तीसवर ठेवला होता. आता पंचवीस दाखवतोय.”

बाबांनी पाटीवरचा प्रश्न वाचला, आणि सावकाश दोनदा डोळे मिटले.