गार्गी, पंखा आणि उघडं फोल्डर

अंबाजोगाईच्या शाळेत परग्रहावरून पाहुणे येण्याचं आता कुणाला नवल वाटत नसे. ते यायचे, पोहे खायचे, अभिप्राय वहीत चिकट सही करून जायचे. पण यंदाच्या पाहुण्याने, म्हणजे थिप्पने, सातवीतल्या साजिरी काळदातेला भेटल्या भेटल्या विचारलं, "गार्गी गायला लागली की वर्गातला पंखा बंद पडतो, असं तू लिहिलंयस. कुठला पंखा?"

साजिरीची बशी तिरकी झाली.

ते वाक्य फिशपाँड होतं. स्नेहसंमेलनात एकमेकांची थट्टा निनावी चिठ्ठीत लिहितात आणि स्टेजवरून वाचतात, तेच. यंदा चिठ्ठ्या शाळेच्या वेबसाइटवर टाकायच्या होत्या. साजिरीने टाकली, मग तिला वाईट वाटलं आणि ती वाचू नका असं तिने वेबसाइट सांभाळणाऱ्या लोखंडे सरांना सांगितलंही. गार्गी तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि उद्या पहिल्यांदाच एकटी गाणार होती. मग हे थिप्पला कळलं कसं?

"तू मन वाचतोस?"

थिप्प म्हणाला, तो विषय त्याने ऑप्शनला टाकला होता. त्याने फक्त वेबसाइट वाचली होती. प्रवास अकरा महिन्यांचा, दुसरं वाचायला काही नव्हतं.

संगणकाच्या खोलीत त्याने साजिरीला आणि लोखंडे सरांना करून दाखवलं. संमेलनाच्या तालमीच्या एका फोटोचा पत्ता घेतला आणि त्याचा शेवटचा तुकडा खोडला. पडद्यावर फायलींची लांबलचक यादी आली. त्यात 'साजिरी_काळदाते_७ब_गार्गी' हेही होतं.

लोखंडे सर म्हणाले, त्या फोल्डरची लिंक तर कुठेच दिली नव्हती. मग स्वतःच समजावू लागले. सर्व्हर (मागितलेली पानं पाठवणारा संगणक) म्हणजे औषधाच्या दुकानातला माणूस. चिठ्ठी दाखवली की तेवढंच औषध देतो. काहीच न मागता उभं राहिलं, तर दर्शनी पान (फोल्डर उघडल्यावर आधी दिसणारं पान) पुढे करतो. ते ठेवलेलं नसेल आणि यादी द्यायची मुभा असेल, तर तो आतल्या सगळ्या मालाची यादीच हातात देतो. त्याला लाज नसते.

शेजारच्या फोल्डरमध्ये पालकांचे फोन नंबर, मुलांचे जन्मदाखले आणि सरांचे रजेचे अर्ज होते. थिप्पने सरांच्या आजीच्या तिन्ही निधनांबद्दल दुःख व्यक्त केलं.

सरांनी घाईने यादी बंद केली. पण फाइलचं नाव माहीत असलेला ती अजूनही मागू शकत होता. म्हणून त्यांनी फायली सर्व्हरच्या उघड्या भागातून बाहेर हलवल्या, पासवर्ड लावला आणि नावांऐवजी आकडे दिले.

"आणि ज्यांनी आधीच वाचलंय?" साजिरीने विचारलं.

"ते परत घेता येत नाही," सर म्हणाले.

थिप्पने नम्रपणे सांगितलं, की त्याने चाळीस हजार नातेवाइकांना प्रती पाठवल्या आहेत.

आता गार्गीला कुणाकडून कळणार, एवढाच प्रश्न उरला. साजिरी मैदानात गेली आणि तिला सगळं सांगितलं. गार्गी बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी आधीच बांधलेली होती.

"कुठला पंखा? दाराजवळचा?"

"हो."

"तो मी शिंकले तरी बंद पडतो," गार्गी म्हणाली. "उद्या पुढच्या रांगेत बस. आणि पंखा बघू नकोस, मला बघ."

दुसऱ्या दिवशी गार्गी गायली. स्टेजवरचे चारही पंखे शेवटपर्यंत फिरत राहिले. थिप्पने अभिप्राय वहीत लिहिलं: 'माहिती चुकीची होती. चाळीस हजार जणांना पुन्हा कळवतो.'

निघण्यापूर्वी त्याने सवयीने ते फोल्डर उघडून पाहिलं. 'परवानगी नाही' असं उत्तर आलं. त्याने ते तीनदा वाचलं. त्यांच्या ग्रहावर अशी सोयच नव्हती, दारंसुद्धा नव्हती. मग त्याने लोखंडे सरांकडून एक कडी मागून घेतली आणि ती कशी लावायची, ते साजिरीकडून दोनदा शिकून घेतलं.