उणे दोनशे त्रेपन्न

हिंगोलीहून सेनगावला निघालेल्या जीपमध्ये सुकन्या एकदम ओरडली, "मावशी, ते झाकण बांधू नका!"

शेजारच्या अनुसयाबाई दचकल्या. पायाशी ठेवलेल्या कॅनमधून पांढरी वाफ येत होती आणि बाईंनी फडक्यानं त्याचं तोंड आवळायला घेतलं होतं.

"सांडून राहिलं ना माय!"

"सांडू द्या. आत वायू कोंडला तर फुटेल."

पुढच्या सीटवरून कॅनचा मालक वळला. जनावरांचा डॉक्टर, अंगद. गाईम्हशींच्या रेतनाचं सामान त्यात गार ठेवलेलं.

"बराबर," तो म्हणाला. "पन तुमाला कसं माहीत?"

"मी मुंबईला गारठ्याचंच काम करते."

"आमचा नायट्रोजन उणे एकशे शहाण्णव अंश हाय," तो ऐटीत म्हणाला.

"माझा हायड्रोजन उणे दोनशे त्रेपन्न."

अंगदचे डोळे हसले. सुकन्या उगाचच बाहेरची पिवळी तूर बघत बसली.

सुट्टीला घरी आली की वडिलांचं, संपतरावांचं, लग्नाचं टुमणं सुरू व्हायचं. दोन स्थळांनी नोकरी सोडायची अट घातली, तिनं दोघांनाही कोपरापासून हात जोडले. आता धास्ती निराळीच होती. आवडलेल्या माणसानंच तसं म्हटलं तर? कारण संपतरावांच्या धडधाकट म्हशीला तपासायला अंगद रोज येऊ लागला होता.

"अणुभट्टीत न्यूट्रॉन सुसाट सुटतात," गोठ्याशी उभी राहून ती सांगत होती. "थंडगार हायड्रोजनमधून नेले की ते हळू होतात. मग त्यांच्याकडून वस्तूंच्या आतलं बारीकसारीक कळतं. त्या हायड्रोजनचं भांडं मी आखते. भिंत पातळ हवी, पण भट्टीच्या उष्णतेनं आतलं उकळून जाता कामा नये."

"म्हंजे उधळलेलं खोंड पान्यात घालायचं!"

"हो डॉक्टर. फक्त माझी खोंडं दिसत नाहीत."

"अन् त्यांच्यापायी एवढी तकलीफ?"

"आवडतं मला," ती म्हणाली, जरा घाबरतच.

निघायच्या दिवशी त्यानं तिला मोटारसायकलवरून हिंगोली स्टेशनला आणलं. गाडी फलाटाला लागली तसा तो म्हणाला,

"एक इचारू? तुमचं ते काम —"

तिचा जीव टांगणीला लागला. आता म्हणणार, सोडा म्हणून.

"— त्या भट्टीच्या आसपास तबेले हायत का?"

"काहून?"

"न्हाई... तुमच्यासंगं ऱ्हायचं म्हनल्यावर मला तिथं जनावरं लागतीलच ना!"

सुकन्येला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"लई हायत," ती म्हणाली आणि भर फलाटावर तिनं त्याचा हात धरला. गाडी हलेपर्यंत सोडला नाही.