न दिलेला नमुना

हिवरटेकच्या शाळेच्या पडवीत सकाळपासून रांग लागली होती. पुरुषांनी यायचं, बाकावर बसायचं, तोंड उघडायचं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की काम झालं. कडेला चहाची किटली होती, कुणी विडी ओढत होतं, कुणी उगाच हसत होतं. नमुना देऊन आलेला माणूस गाल चोळत घराकडे जाताना जरा मोकळा दिसे.

उपनिरीक्षक हेमांगी मराठे हे सगळं खुर्चीवर बसून पाहत होती. ती मूळची साताऱ्याकडची, धुळे-जळगाव पट्ट्यात येऊन तिला दोनच वर्षं झाली होती. गिरणा नदीच्या काठच्या केळीच्या बागेत डिंपल पाटील ही कॉलेजातली मुलगी मरून पडलेली सापडली, तेव्हा तिथे पहिली पोचली ती हेमांगीच. केळीच्या पानांखाली भर दुपारीही ओलसर अंधार होता. मुलीच्या नखांत कुणाच्या तरी कातडीचे कण अडकलेले होते. तपास करायला तेवढंच हाती होतं.

डिंपलचे चुलते नवल पाटील गावचे पोलीस पाटील. पहिला नमुना त्यांनीच दिला. गावाने वर्गणी काढून चौकात कॅमेराही बसवला. त्यात आरोपीचा फोटो भरून ठेवला, की तो चेहरा चौकातून जाताच ग्रामपंचायतीतल्या पडद्यावर त्याच्याभोवती चौकट उमटायची आणि घंटी वाजायची. लोकांना हायसं वाटलं.

गावातल्या एकाही पुरुषाचा नमुना त्या कणांशी जुळला नाही. नमुना न देणारा माणूस एकच होता, सुपडूआबा.

सुपडूआबा सत्तरीचे. हयात पाटाचं पाणी सोडण्या-अडवण्यात गेलेली. हेमांगी त्यांच्या घरी गेली तेव्हा ते ओट्यावर बसून दोरी वळत होते. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना काळा चष्मा लावायला सांगितलेला होता.

"आबा, सगळ्यांनी दिलं. तुम्हीच का मागे?"

"मी देवाव नही," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मनी थुकी मनी शे."

"थुंकी तुमचीच आहे आबा, पण भीती कसली वाटते?"

आबांनी दोरी खाली ठेवली. तरुणपणी विहिरीवरच्या एका मोटारीच्या चोरीत त्यांना धरलं होतं. शाईत बोटं बुडवून ठसे घेतले. खरा चोर मिळाला, आबांना सोडलं. "पण बोटं तठेच राही गयात, बाई. मंग कोठेबी चोरी व्हयनी का मना दारमा गाडी. मना लगीनना दिवशीबी उनी व्हती."

आबांच्या बायकोने, ताईबाईंनी, कोरा चहा आणला. आबांनी दोन घोटांत संपवला आणि ते गुराला पाणी दाखवायला उठून गेले. हेमांगीने रुमालाने त्यांचा पेला उचलला आणि पिशवीत टाकला. मान वर केली तर ताईबाई दारात उभ्या होत्या.

"तो गिलास आमना शे, बाई," त्या म्हणाल्या.

हेमांगी पिशवी घेऊन जीपमध्ये जाऊन बसली.

त्याआधीच गावाने आबांना वाळीत टाकल्यात जमा होतं. गिरणीवाला त्यांचं दळण परत पाठवी. मारुतीच्या पारावर ते टेकले की बाकीचे उठत. नवल पाटील समोर दिसले की वाट अडवून एवढंच विचारत, "आबा, कधी देता?" गावाचं मत झालेलं होतं. खरं तर हेमांगीचंही झालं होतं, आणि धुळ्याच्या नव्या प्रयोगशाळेने त्यावर शिक्का मारला. पेल्यावरची थुंकी आणि नखांतले कण एकाच माणसाचे होते.

आबांना पकडून नेताना मुलं जीपमागे धावली. त्याच संध्याकाळी आबांचा फोटो चौकातल्या कॅमेऱ्यात भरला गेला.

दोन दिवसांनी ताईबाई पोलीस ठाण्यात आल्या. डिंपल गेली त्या दुपारी आबा धुळ्याच्या दवाखान्यात होते, डोळ्याच्या ऑपरेशनला. हेमांगी स्वतः तिथे गेली. दवाखान्याच्या कॅमेऱ्यात आबा दिसत होते, हिरवी पट्टी बांधलेले, बाकावर, हातात बिस्किटाचा पुडा. सबंध दुपार ते तिथेच होते. मध्ये एकदा उठून नळावर पाणी प्यायले, एवढंच.

तिने ते ठाण्याच्या साहेबांना दाखवलं.

"कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल," साहेब म्हणाले. "हा रिपोर्ट चुकत नाही. मुलीच्या बापाला काय सांगणार आहेस?"

हेमांगी सलाम करून बाहेर आली. दवाखान्यातली फीत तिने तपासाच्या कागदांना जोडली, पण तिच्यासाठी भांडली नाही. पेला कसा आणला हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. जामिनाच्या तारखेआधीच कोठडीत आबांचा दम्याने जीव गेला. ताईबाई घराला कुलूप लावून माहेरी, साक्रीकडे निघून गेल्या.

प्रकरण बंद झालं.

एप्रिल उजाडला. दुपारी हिवरटेकच्या रस्त्यावर कुत्रंही दिसेनासं झालं. अशाच एका दुपारी नवल पाटलांचा फोन आला. "मॅडम, कॅमेरा सुपडूआबाला दाखवतोय."

"आबा वारले, पाटील."

"ते मला ठाऊक आहे. तुम्ही या."

ग्रामपंचायतीत पंखा गरम हवा फिरवत होता. नवल पाटलांनी पडद्यावर आदल्या दिवशीचं चित्र लावलं. चौकातून गिरणीवाला चालला होता, डोक्यावर टॉवेल, अंगावर पीठ. त्याच्या तोंडाभोवती लाल चौकट होती आणि खाली नाव होतं, सुपडू.

कॅमेऱ्याच्या कंपनीचा माणूस येऊन यंत्र बदलून गेला. दुसऱ्या दिवशी घंटी शाळेच्या मास्तरांवर वाजली. मग दूध घालणाऱ्यावर, मग मारुतीच्या पुजाऱ्यावर. हेमांगी पुन्हा आली तेव्हा नवल पाटलांनी दाढी केलेली नव्हती.

"आता कुणावर वाजली?" तिने विचारलं.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. चौकट त्यांच्याच चेहऱ्याभोवती होती.

"मी जवळून बघितलं," ते हळूच म्हणाले. "चेहरा माझाच आहे, मॅडम. पण डावा डोळा बघा."

हेमांगीने पाहिलं. चित्रातले नवल पाटील कडक उन्हातून सरळ चालत होते. उजवा डोळा बारीक झालेला होता. डावा टक्क उघडा होता, ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यासारखा पाणावलेला. तिने शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पाटलांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही डोळे सारखे होते.

तिने कॅमेरा बंद करायला सांगितलं. तापलेलं यंत्र, दुसरं काय, असं ती जीपमध्ये स्वतःशी म्हणाली. ड्रायव्हरने "काय मॅडम?" असं विचारलं तेव्हा आपण मोठ्याने बोललो हे तिच्या ध्यानात आलं.

त्याच आठवड्यात एरंडोलला एक दुकान फुटलं. फुटलेल्या काचेवर रक्त होतं. प्रयोगशाळेतल्या नूतन चौधरीचा फोन आला. हिवरटेकचे सगळे नमुने नूतननेच तपासले होते, तिची आणि हेमांगीची चांगली ओळख झाली होती. आज मात्र ती तुटक बोलत होती.

"काचेवरचं रक्त सुपडूंचं आहे."

"नूतन, तो माणूस जिवंत नाही."

"म्हणून तर फोन केला."

हेमांगीने सांगितलं, गावाचे जुने नमुने पुन्हा यंत्रात लाव. कुणीतरी नातेवाईक असेल, कुठे अदलाबदल झाली असेल. काहीतरी असणारच. नूतन बरं म्हणाली.

नंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. हेमांगीने केला तर उचलेना. शेवटी हेमांगी धुळ्याला गेली.

प्रयोगशाळेच्या आत गार होतं, बाहेरच्या झळांनंतर अंगावर काटा येण्याइतकं. टेबलावर हिवरटेकची पाकिटं ओळीने मांडलेली होती. तीच पाकिटं, तीच लाखेची मोहर, पडवीत हेमांगीसमोर लावलेली.

"पहिल्यांदा सगळे वेगवेगळे आले होते," नूतन म्हणाली. "मीच लावले होते. तीनशेच्या वर माणसं, सगळी वेगळी."

"आणि आता?"

"आता सगळे एकाच माणसाचे आहेत."

हेमांगीने एक पाकीट उचललं. त्यावर नवल पाटलांची सही होती. तिने ते परत ठेवलं.

"डिंपलच्या नखांतलं?"

"तेही त्यांचंच."

"त्यांचं म्हणजे कुणाचं, नूतन?"

नूतनने पाकिटांची ओळ पुन्हा सारखी केली. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती, हातमोजे घातलेली. एरवी हेमांगी आली की ती लगेच चहा मागवी.

"नमुने मी हाताळलेत," हेमांगी म्हणाली. "माझाही घे. कुठे मिसळ झाली असेल तर कळेल."

"तुमचा आहे आमच्याकडे."

"मी कधी दिला?"

"भरतीच्या वेळी सगळ्यांचं रक्त घेतलं होतं ना. विचारलं नसेल कुणी, पण त्यातलं ठेवलेलं असतं. काल मी तो लावून पाहिला."

बाहेर रस्त्यावर एक एसटी हॉर्न देत गेली. नूतनने पायाने एक खुर्ची हेमांगीकडे सरकवली आणि स्वतः एक पाऊल मागे गेली.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "तुमचा नमुना पुरुषाचा येतोय."