पुंजाजी मास्तरांचा तीनचा आकडा

रविवारी दुपारी बारा वाजता केशव कंपाउंडर वाइनच्या बाटलीला खळ लावून कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या असत, जुन्या दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटलीला असत तशा. एक खाच, एक डोस. मग बाटली उजेडात धरून, एक डोळा मिटून ते पातळी बघत. समोर बसलेले पुंजाजी गायखे, शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर, परीक्षेला बसल्यासारखे ताठ होत.

हे सगळं त्या 'पारखी'मुळे. साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या दंडात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी पारखी बसवली जाई. ती रक्त चाखायची, यकृताची खुशाली विचारायची, पणजोबांकडून कोणकोणती दुखणी वारशाने आली ते जनुकांत वाचायची. आणि आठवड्याला वाइनचे किती पेले या देहाला झेपतील, तो आकडा मनगटावरच्या पट्ट्यावर दाखवायची. म्हातारे गोंधळू नयेत म्हणून एकच आकडा.

निफाडजवळच्या त्या द्राक्षवाल्या गावात लोक 'बरं आहे ना?' विचारायचं सोडून 'किती?' विचारू लागले. सरपंचांचा आकडा दीड निघाला, तेव्हा उरलेला अर्धा विरोधकांनी पळवला असं ते आठ दिवस चावडीवर बोलत होते म्हणे. नावाजलेल्या पैलवानाचा शून्य आला आणि नव्वदीच्या गोदाआजीचा सात. आजीला बघायला पिंपळगावहून टेम्पो भरून माणसं आली.

मास्तरांचा आला तीन. मास्तरांनी जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. बायको गेल्यावरची चार वर्षंही त्यांनी चहावर काढली होती.

"मला नको रे," पहिल्या रविवारी ते केशवरावांना म्हणाले. "पारखी म्हणते झेपेल. पी कुठं म्हणते?"

"पुंजा, चाळीस वर्षं डोस मोजलेत मी. लिहिलंय तेवढं घ्यायचं. कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांनीच आमचा दवाखाना भरलेला असायचा."

"चव कशीय?"

"तुझ्या कवायतीला पोरं विचारायची का, कशीय म्हणून?"

मास्तर हसले, त्यांनी नाक दाबलं आणि पहिला डोस घेतला. जेवणाआधी एक, जेवताना एक, नंतर एक. मग दोघं पान लावून चार वाजेपर्यंत गावातल्या मेलेल्या आणि जिवंत माणसांना सारखीच नावं ठेवत बसले. निघताना मास्तर उंबऱ्यात दोनदा थांबले.

पारखीसोबत सूचनांचं पत्रक येई. केशवरावांनी ते वाचलं नाही. औषधांची पत्रकं पुड्या बांधायला छापतात, हे त्यांचं जन्माचं मत. ह्या पत्रकात त्यांनी बडीशेप बांधून ठेवली होती.

पाच महिन्यांनी मास्तरांचा आकडा दोनवर आला. केशवरावांनी मांडीवर थाप मारली. "गुण आला! डॉक्टर डोस कधी उतरवतात? रोगी सुधारला की!" त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पुढे एक झाला, तेव्हा घरी पुरणपोळी केली. दीड वर्षाने शून्य आला. केशवरावांनी मास्तरांच्या हातात नारळ दिला.

"कोर्स पुरा. सुटलास, लेका!"

मास्तर नारळ हलवून बघत राहिले. "मग पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी काय? बऱ्या झालेल्या माणसाला दवाखान्यात कोण बोलावतं?"

दोन महिन्यांनी शेजारणीने मास्तरांचं दार फोडायला लावलं. ते आत पडले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं.

इस्पितळात डॉ. रेवती मोगल यांनी केशवरावांना बाजूला घेतलं. "काका, ती मर्यादा होती. रस्त्यावर ऐंशीची पाटी असते, म्हणून ऐंशीनेच जायचं असतं का? आणि आकडा उतरतो तो यकृत थकत चाललं की. दोन झाला तेव्हाच त्यांना आणायला हवं होतं."

केशवराव खाली बसले. "पण मी मोजून दिली हो. एक थेंब जास्त नाही."

"तुमच्याकडे मोजून. घरी ते रोज संध्याकाळी घेत होते, त्यांनीच सांगितलं. तुमच्याकडे सुरुवात झाल्यावर तिसऱ्या महिन्यापासून."

"वाचेल का?"

"निम्म्याहून जास्त यकृत गेलंय. एक थेंबही पुन्हा घेतला नाही, तर उरलेलं सावरू शकतं. पण ते थांबवणं पारखीच्या हातात नाही. ती फक्त आकडा दाखवते."

केशवराव खाटेजवळ गेले. ज्या हाताच्या इशाऱ्यावर तीनशे पोरं एका वेळी वळायची, तो चादरीवर पालथा पडला होता. मनगटावर अजून शून्य होतं.

"लबाडा, घरी कशाला प्यायलास?"

"रविवार फार लांब पडायला लागला रे."

"मला सांगायचंस."

"सांगून काय? तू डोस बंद केला असतास. मग यायचं कोणत्या निमित्ताने?"

दोघांच्या घरांमध्ये दोन गल्ल्या होत्या. वहिनी गेल्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी मास्तरांना एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं. तसं कुठे लिहून आलं नव्हतं.

मास्तरांनी मोठ्या कष्टाने मान वळवली.

"केशव, नुसतं पाणी प्यायला ये म्हणाला असतास, तर मी आलो नसतो का रे?"