कप्तानाची चौकी

सुजाता वाघमारेला वाळवंटात एक चौकी शोधायची होती. अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिण ॲरिझोना स्पॅनिश साम्राज्याच्या सोनोरा प्रांतात मोडत असे. तेव्हा एका कप्तानाने गव्हर्नरला कळवलं होतं: ठाण्यावरून एका दिवसात डोंगरातल्या कुंडाशी पोहोचलो, चौकी बांधली, बारा शिपाई ठेवले. त्या प्रांताच्या कारभारावरच सुजाताचा प्रबंध होता आणि त्याचं एक अख्खं प्रकरण या अहवालावर उभं होतं. मार्गदर्शक मात्र म्हणत, ‘भिंतीचा एक दगड तरी दाखव.’

त्या डोंगरात जायचं परमिट दोनदा नाकारलं गेलं. तिसऱ्यांदा मिळालं ते मेअखेरचं, तेही एका दिवसाचं!

सोबत दोघं होती. ॲरिझोनातल्याच चँडलर शहरात वाढलेली, हे डोंगर पायाखाली घातलेली नैना. आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सर्व्हेअर दादारावकाका, जे आता मुलाकडे राहायला आले होते. जुने नकाशे त्यांच्याइतके कुणालाच वाचता येत नसत.

पहाटेच गाडी वाळूत रुतली. ती बाहेर काढण्यात दोन तास गेले. मग पायी निघाल्यावर पहिली घळ उभ्या कड्याशी संपली. मागे फिरावं लागलं. दुसऱ्या घळीत निवडुंगाचे काटे बुटातून आरपार गेले. सूर्य डोक्यावर आला, तेव्हा कुंड अजून दीड मैल दूर होतं.

काका एकदम थबकले. नकाशा उलटा धरून ते त्याच्याकडे बघत राहिले.

“काका, तुम्हाला घाम का येत नाहीये?” नैनाने विचारलं. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. “उष्माघात आहे हा. वी टर्न अराउंड. नाऊ.”

“दीड मैलच राहिलाय गं,” सुजाता म्हणाली. “परत परमिट मिळणार नाही मला.”

“तुम्ही व्हा पुढे,” काका पुटपुटले. “मी बसतो इथं.”

बसायला सावली नव्हती. सुजाताने डोंगराकडे एकदा पाहिलं. मग बाटली उघडली आणि पाणी काकांच्या डोक्यावर ओतलं. दोघींनी त्यांना खांद्यांचा आधार दिला. दहा पावलं. थांबा. पुन्हा दहा पावलं. एकदा तिघंही घसरली! खडकाची कपार सापडेपर्यंत तास गेला.

सावलीत, ओला रुमाल मानेवर घेऊन, काका हळूहळू भानावर आले.

“कप्तानाने तारीख कुठली लिहिलीय?” त्यांनी विचारलं.

“जून.”

“जूनमध्ये, बारा घोडी घेऊन, एका दिवसात?” काकांनी मान हलवली. “तो इथवर आलाच नसेल, पोरी. ठाण्यात बसून लिहिलं असेल. आमच्या खात्यातही कागदावर विहिरी खणल्या जायच्या.”

“मग मी सिद्ध कसं करू, काका? नसलेल्या चौकीचा दगड कुठून आणू?”

काकांनी रुमाल पिळून पुन्हा मानेवर ठेवला.

कलत्या उन्हात तिघं गाडीपाशी पोहोचली. नैनाने एसी सुरू करून काकांना मागे झोपवलं आणि गाडी हॉस्पिटलच्या दिशेने वळवली. सुजाताने वही उघडून लिहिलं: कुंडापासून दीड मैलावरून परत फिरलो. चौकी पाहिली नाही.

हातचं गेलेल्या प्रकरणाचा राग होताच. शब्द मात्र एकही खोटा नव्हता.